डाव्या कानाखाली चार बोटं

मित्रांनो, मी एक जुनी चाखणी आहे. तुमच्यापैकी बहुतेकांनी चाखणी पाहिलेली नसेल, आणि त्यात तुमचा काही दोष नाही. मला बघायला म्हणून कोणी मुद्दाम कुठे जात नाही. हातभर लांबीची पितळी पोकळ नळी, पुढे अणकुचीदार टोक, मागे लाकडी मूठ आणि पोटाशी एक लांब खाच, एवढंच माझं रूप. शिवलेल्या पोत्यात मला खुपसायचं, जरा फिरवायचं आणि बाहेर ओढायचं. पोत्याच्या पोटात जे असेल ते माझ्या पोटात येतं. पोतं न उसवता आतलं कळतं. माणसांसाठी असं काही अजून निघालेलं नाही, ते एका अर्थी बरंच आहे.

मला घडवलं ते नळाच्या तोट्या बनवणाऱ्या एका कारागिराने. टोक नीट झालं का हे बघायला त्याने ते अंगठ्याला लावलं, अंगठ्यातून रक्त आलं आणि तो प्रसन्नपणे हसला. माझ्या जन्माचा आनंद असा एकाच माणसाला झाला, आणि त्यालाही पट्टी बांधावी लागली.

पुढचं सगळं आयुष्य मी एका वखारीत काढलं. उंच पत्र्याची, लांबुळकी, एका बाजूला तराजू आणि दुसऱ्या बाजूला काचेच्या भिंतीमागे मालकांची खोली. वखारीत औषधी वनस्पती येत. ज्येष्ठमधाच्या मुळ्यांचे तुकडे, सोनामुखीची पानं, वाळलेली फुलं, कसल्या कसल्या साली. ही पोती बोटीने परदेशी जात. तिथे त्यांचा खोकल्याचा काढा व्हायचा, गोळ्या व्हायच्या, चहाच्या नाजूक पुड्या व्हायच्या. वखारीतल्या कोणाला खोकला झाला की तो औषधाच्या दुकानातून तिकडून आलेली बाटली घेऊन यायचा आणि म्हणायचा, "तिकडचं ते तिकडचंच."

माझी मूठ ज्यांच्या हातात होती त्यांना सगळे मास्तर म्हणत. मास्तरांनी आयुष्यात कोणाला काही शिकवलं नव्हतं. अक्षर सुरेख होतं आणि चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला असे, तेवढ्यावर ती पदवी मिळाली होती. आलेल्या प्रत्येक पोत्याचा नमुना काढायचा, पारखायचा आणि चिठ्ठीवर 'तपासले' असं लिहून खाली सही करायची, हे त्यांचं काम. त्या सहीशिवाय पोतं वखारीबाहेर पडत नसे.

मित्रांनो, ते दिवस माझे भाग्याचे होते. मास्तर मला एका पोत्यात पाच ठिकाणी खुपसायचे. वर, मध्ये, तळाशी आणि दोन्ही कुशींत. आलेले तुकडे ते काळ्या कापडावर पसरायचे, तळहातावर चोळायचे, हुंगायचे आणि शेवटी एक तुकडा दाढेखाली धरून डोळे मिटायचे. ज्येष्ठमध असला तर गोडी हळूहळू उतरते आणि मागे रेंगाळते. दुसऱ्याच कुठल्या मुळीचा तुकडा असला तर जीभ लगेच तक्रार करते. मास्तर मग थुंकून म्हणायचे, "ह्याला परत पाठवा. आणि म्हणावं, आमच्याकडे गुरं नाहीत." प्रत्येक पोत्यानंतर ते मला आतून बाहेरून फडक्याने पुसत. महिन्यातून दोनचार पोती नापास होत, कधी सहासात. व्यापारी कुरकुरत, मालक कपाळाला आठ्या घालत, आणि परदेशी गेलेला माल तिकडे गपगुमान खपत असे.

मास्तरांशिवाय माझा रोजचा संबंध शिवणकाकूंशी. वखारीत एकूण बारा बाया होत्या. त्यातल्या अकरा जणी पानंफुलं निवडायच्या-टिपायच्या आणि काकू पोती शिवायच्या. मी पाडलेली भोकं सुतळीने रफू करणं हे काकूंच्या वाट्याला. मी पुढे भोसकत जायची आणि त्या मागून टाके घालत यायच्या. "तुमची ही चाखणी म्हणजे बाई सवतच माझी," असं त्या मास्तरांना म्हणायच्या. मास्तर म्हणायचे, "तिच्यामुळे तर तुमची नोकरी आहे." हा विनोद त्यांनी चौदा वर्षांत किती वेळा केला असेल याची मोजदाद नाही. काकू दर वेळी हसायच्या. एकत्र काम करायचं म्हणजे एवढं करावं लागतं.

मग ते पत्र आलं. तिकडच्या गिऱ्हाइकाने लिहिलं होतं की माल उत्तम आहे, परंतु पोत्यांना गोळीबारात सापडल्यासारखी भोकं आहेत आणि आमच्या पाहुण्यांना गोदाम दाखवताना अवघडल्यासारखं होतं.

मालक पत्र घेऊन बाहेर आले. त्यांना माल कळत नसे असं नाही, पण पत्र जास्त कळत असे.

"मास्तर, आजपासून भोक एकच. आणि तेही एकाच जागी. मागच्या बाजूला, डाव्या कानाखाली चार बोटं. म्हणजे पुढून पोतं कसं कोरं दिसेल."

पोत्याचा कान म्हणजे शिवलेल्या तोंडाशी दोन्ही बाजूंना राहतं ते टोक, ज्याला धरून पोतं उचलतात.

"मालक, एका जागी भोसकून अख्ख्या पोत्याचं कसं कळणार?"

"डॉक्टर नाडी एकाच मनगटाची बघतो ना? सगळ्या अंगाला टोचत बसतो का?"

मास्तरांना ह्यावर उत्तर सुचलं, पण ते आठवड्याने. तोवर शंभर पोती रवाना झाली होती, आणि शंभर पोती गेल्यावर तत्त्वाचा मुद्दा काढणारा माणूस जरा विचित्र दिसतो. शिवणकाकूंनाही ती पद्धत आवडली. "बरं झालं. पोतंभर भोकं हुडकत बसायला नको. चार टाके, की पुढचं."

असा माझ्या आयुष्याचा दुसरा भाग सुरू झाला. डाव्या कानाखाली चार बोटं. रोज तीच जागा, तोच कोन, तेवढीच खोली. एखाद्या कारकुनासारखी मी त्या एका खिडकीत जायची आणि परत यायची.

ज्येष्ठमध आणून देणारा व्यापारी तपकीर ओढायचा, म्हणून त्याला तपकिऱ्या म्हणत. पोती उतरवून घेईपर्यंत तो मास्तरांच्या शेजारी उभा राहून गप्पा मारायचा. हुशार माणूस. त्याला कोणी काही सांगितलं नाही आणि त्यानेही कोणाला विचारलं नाही. दोन हंगाम त्याने नुसतं बघितलं. तिसऱ्या हंगामापासून त्याच्या पोत्यांच्या डाव्या कानाखाली मला असा काही ज्येष्ठमध मिळू लागला की काय सांगू! पिवळाधमक, कोरडा ठणठणीत आणि गोडी तर एकसारखी. पोतं पहिलं असो की दोनशेवं, चव तीच.

मला तेव्हाच शंका यायला हवी होती. जमिनीतून निघालेलं काहीही इतकं एकसारखं नसतं. पण मित्रांनो, खरं सांगते, मी हुरळून गेले. रोज गोडच चाखायला मिळालं की आपली जीभच थोर आहे असं वाटायला लागतं. मास्तरही आधी एक तुकडा चावायचे, मग नुसता हुंगू लागले, आणि शेवटी शेवटी माझ्या खाचेकडे एक नजर टाकून सही करू लागले. मला पुसणंही दिवसातून एकदाच राहिलं, संध्याकाळी, तेही हात पुसता पुसता.

सलग नऊ वर्षं वखारीतलं एकही पोतं नापास झालं नाही. हे ऐकून कोणाही जाणत्या माणसाला घाम फुटायला हवा. आमच्याकडे चौकट करून भिंतीवर लावलं. 'सातत्यपूर्ण गुणवत्ता' असं तिकडच्या गिऱ्हाइकाने लिहून पाठवलं होतं. मालकांनी मास्तरांचा हात हातात घेऊन फोटो काढला. फोटोत मीही आहे, पण मूठ तेवढी कापली गेली आहे.

दहाव्या वर्षी ते घडलं. ज्येष्ठमधाची चारशे पोती तिकडे पोचली आणि तिकडच्या प्रयोगशाळेत नवीनच लागलेल्या कोणीतरी, पद्धत माहीत नसल्यामुळे, एक पोतं तळाकडून उसवलं. आत बुरशी होती. अर्धा माल तर ज्येष्ठमधच नव्हता. मग त्यांनी सगळी चारशे उसवली. त्यातून लहान मुलांचं खोकल्याचं औषध व्हायचं होतं. सुदैवाने झालं नाही. पोती जाळली आणि जळत्या पोत्यांचे फोटो आम्हाला पाठवले. पत्रात दोनच प्रश्न होते. तुमची नमुना काढायची पद्धत काय? आणि या चारशे पोत्यांवर 'तपासले' अशी सही कोणाची आहे? उत्तरं घ्यायला आमची तपासनीस येत आहे, तोवर माल थांबवलेला आहे.

तपकिऱ्या फोन उचलेनासा झाला. त्याची दीडशे पोती मागच्या भिंतीला लागून पडलेली होती, जशी आली तशी.

मालकांनी मास्तरांना काचेच्या खोलीत बोलावलं. मी मास्तरांच्या हातातच होते.

"बसा, मास्तर. बसा हो. हे बघा, पद्धत आपली पाच ठिकाणची. वर, मध्ये, तळाशी, दोन्ही कुशीत. पहिल्यापासून तीच आहे."

"पहिल्यापासून होती," मास्तर म्हणाले.

"तेच ते. पुढच्या रांगेत मी दहा पोती निवडून भरून घेतो. त्यांवर त्या बाईंना करून दाखवायचं. राहता राहिली ती चारशे पोती. त्या वेळी तुमची तब्येत बरी नव्हती, नजरचूक झाली. संपलं."

"म्हणजे चूक माझी."

"कागदावर हो! मी काय तुम्हाला काढतोय का? आठ महिने राहिलेत तुमचे. ते काढा, सन्मानाने जा. पद्धतच चुकीची आहे असं निघालं तर परवाना जातो, मास्तर. मग मीही नाही, तुम्हीही नाही आणि त्या बारा बायाही नाहीत."

"मालक, एका जागी भोसकायला तुम्ही सांगितलं होतं."

"सांगितलं असेन. लिहून दिलंय का कुठे?"

लिहून दिलेलं नव्हतं. वखारीत सगळं लिहून होत असे, फक्त हुकूम तोंडी असत.

मास्तर उठले. दाराशी थांबून म्हणाले, "तेवीस वर्षं सह्या केल्या. कागदाशिवाय माझं दुसरं आहे काय?"

मालकांनी फोन कानाला लावला. तो वाजला नव्हता.

मग आठवडाभर तालीम चालली. मला राखेने घासून लखलखीत केलं. इतकी चकचकीत मी जन्मल्या दिवशीही नव्हते. मास्तर निवडक पोत्यांवर पाच ठिकाणांचा सराव करत. त्यांचा हात सारखा डाव्या कानाकडे वळायचा आणि ते स्वतःवरच चिडायचे. दुपारी चहाच्या वेळी शिवणकाकू त्यांच्याजवळ येऊन बसल्या.

"मास्तर, घ्या की अंगावर. नजरचूक कोणाची होत नाही?"

"माझी झालेली नाही."

"नसेल. पण म्हणायला काय जातं? आमच्या बारा जणींच्या चुली आहेत ह्या वखारीवर. माझ्या जावयाचं काम सुटलंय, लेक नातीला घेऊन माझ्याकडे राहतेय. तुम्ही काय, आज ना उद्या घरीच बसणार."

"काकू, मालकांनी एका जागेचं सांगितलं तेव्हा तुम्ही इथेच होता ना?"

काकूंनी बशीतला चहा संपवला. "होते. पण मला कोणी विचारलं, तर मी नव्हते." मग बशी खाली ठेवत म्हणाल्या, "रागावू नका. तुमच्याबद्दल मनात काही नाही माझ्या."

"मला माहीत आहे," मास्तर म्हणाले. आणि त्यांना खरंच माहीत होतं, हेच त्यातलं वाईट.

तपासनीस बाई आल्या त्या सकाळी. उंच, शांत, हातात वही. बरोबर एक दुभाष्या होता. तो इतकं शुद्ध बोलायचा की वखारीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या.

"बाई पृच्छा करीत आहेत," तो म्हणाला, "की सदर चारशे पोत्यांचे नमुने ज्या गृहस्थांनी काढले, ते अद्याप सेवेत आहेत काय?"

"आहेत ना. हेच ते," मालक म्हणाले. त्यांनी आवाज खाली आणला आणि स्वतःच्या डोळ्यांकडे बोट दाखवलं. "वयोमानाप्रमाणे… दिसायला जरा कमी झालंय. पद्धत आमची चोख आहे. माणूस चुकला."

मास्तर दोन हातांच्या अंतरावर उभे होते. दुभाष्याने ते वाक्य बाईंना सांगितलं. बाईंनी ते लिहून घेतलं. पेन कागदावर किती वेळ चाललं ते मास्तर बघत होते.

मग प्रात्यक्षिक. पुढच्या रांगेतली तीन पोती, प्रत्येकी पाच ठिकाणी. मास्तरांचा हात एकदाही चुकला नाही. कापडावर पिवळेधमक तुकडे पडले. बाईंनी एक तुकडा हुंगला, मान हलवली आणि वही मिटली. मालकांनी रुमालाने मान पुसली. चहा सांगितला.

मित्रांनो, इथे मास्तर थांबू शकले असते. मी पितळेची आहे, मला मन नाही असं तुम्ही म्हणाल. पण माझी मूठ त्यांच्या मुठीत होती आणि ती मूठ घामाने ओली झालेली मला कळत होती.

"अजून एक दाखवतो," मास्तर म्हणाले.

"झालं मास्तर. बाई दमल्यात."

"एकच."

ते पुढची रांग ओलांडून मागच्या भिंतीशी गेले. तपकिऱ्याच्या पोत्यांपाशी. गुडघे कटकन वाजवत खाली बसले आणि त्यांनी मला एका पोत्यात तळाशी, उजव्या कोपऱ्यात, मुठीपर्यंत घातलं.

नऊ वर्षांनी मी खऱ्या पोत्याच्या तळाशी गेले, तालमीच्या नव्हे. आत ऊब होती, आजारी माणसाच्या अंथरुणात असते तशी. ओल होती. तुकडे एकमेकांना चिकटले होते आणि त्यांच्यावर मऊ लव आली होती. गोडीचा पत्ताच नव्हता. इतकी वर्षं हे सगळं माझ्यापासून हातभर अंतरावर होतं.

मास्तरांनी मला बाहेर ओढून उजव्या तळहातावर रिकामी केली. हिरवट काळा गोळा पडला आणि वास सुटला. मग त्यांनी उठून त्याच पोत्यात, मागच्या बाजूला, डाव्या कानाखाली चार बोटं मला खुपसलं आणि डाव्या तळहातावर पिवळाधमक ज्येष्ठमध घेतला. दोन्ही हात त्यांनी बाईंसमोर धरले.

"आम्ही नऊ वर्षं इथूनच काढतोय," ते डावा हात जरा वर करून म्हणाले. "आता ही पद्धत म्हणायची की नजरचूक, ते बाईंना ठरवू द्या."

दुभाष्याने तोंड उघडलं आणि मिटलं. बाईंनी हातानेच त्याला थांबवलं होतं. त्यांना कळलं होतं. शिवणकाकू सुईत सुतळी ओवत होत्या. सुतळी आत जाईना, तरी त्यांनी मान वर केली नाही.

परवाना महिन्याच्या आत गेला. आधी निवडणाऱ्या अकरा जणी गेल्या, मग काकू. दाराशी काकूंनी सगळ्यांचा निरोप घेतला, मास्तर उभे होते तेवढी जागा सोडून. वखारीत आता प्लास्टिकच्या खुर्च्या ठेवतात. त्यांना चाखायची गरज नसते. तपकिऱ्याचं पुढे काय झालं म्हणाल, तर तो दुसऱ्या वखारीला माल देतो असं ऐकते. तिथे बहुधा उजव्या कानाखाली भोसकत असतील.

मास्तरांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी मालकांनी तपासनीस बाईंचा अहवाल त्यांच्यापुढे टाकला. एका ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारलेली होती.

"घ्या. तुमचं नाव राहिलं. आणि हीसुद्धा न्या घरी." हीसुद्धा म्हणजे मी.

दुभाष्याच्या शुद्ध भाषेत ती ओळ अशी होती: 'सदर कर्मचारी नमुना काढण्याच्या कामात प्रवीण व प्रामाणिक असल्याचे आढळले, दोष पद्धतीचा आहे.' मास्तरांनी ती उभ्या उभ्या तीनदा वाचली. त्या दिवशी ते थेट घरी गेले नाहीत. एका बगलेत मला धरून ते दोन गल्ल्या पलीकडे शिवणकाकूंकडे गेले. काकू उंबऱ्याशी बसून दप्तरांचे पट्टे शिवत होत्या. आत नात रडत होती.

"काकू, हे वाचा," मास्तर म्हणाले. "तिकडून आलंय. माझी चूक नव्हती असं लिहिलंय."

काकूंनी हात पदराला पुसून कागद घेतला. ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचलं. मग कागद उलटून मागची कोरी बाजू बघितली, पुन्हा सुलटा केला.

"चांगलं लिहिलंय," त्या म्हणाल्या. "ह्यात आमची नावं कुठे आहेत?"

मास्तरांनी कागद परत घेतला, घडी केली आणि खिशात घातला. काकूंनी पट्टा पुढे ओढून घेतला. बसा म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत.

तेव्हापासून मी मास्तरांच्या दारामागे खिळ्याला टांगलेली आहे. आतून हिरवी झाले आहे. मास्तर कधीतरी मला खाली काढतात, मूठ हातात धरून बसतात आणि परत लावून ठेवतात. मला पुसा, कोरडी ठेवा, असं सांगायचा माझा हक्क आहे, आणि ते मी सांगतेच. पण मित्रांनो, माझी खरी विनवणी वेगळी आहे. तुमच्या हातात चाखणी आली, तर तिला पहिल्याच दिवशी तळाशी घाला, कोणी पोत्याच्या देखणेपणाची कितीही काळजी करो. तिसऱ्याच हंगामात मी तळाशी गेले असते तर तपकिऱ्याचं एक पोतं परत गेलं असतं. मी नऊ वर्षांनी गेले. परत गेल्या त्या बारा जणी.